जबड्याचा सांधा बदलल्यानंतर: घरच्या व्यायाम-संचाच्या नोंदी, नागपूर

6 जानेवारी 2025

हे काम कशासाठी करतोय ते आधी लिहून ठेवते. जबड्याचा सांधा बदलून घरी जाणाऱ्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर व्यायामाबद्दल बहुतेक वेळा एकच ओळ असते: तोंड उघडण्याचे व्यायाम नियमित करावेत. किती वेळा, किती जोर लावून, दुखलं तर काय करायचं, मोजायचं कशाने, यातलं काहीच त्यात नसतं. पेशंट असतो आर्वीचा, आरमोरीचा, देवरीचा. दर आठवड्याला नागपूरला यायचं तर सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि दोघांचं एसटीचं भाडं लागतं. ते जमत नाही. मग दोन-अडीच महिन्यांनी दाखवायला येतात तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर जेवढं तोंड उघडलेलं असतं त्यातलं बरंचसं परत गेलेलं असतं.

घरच्यांची इच्छा नसते असं मी कधीच पाहिलं नाही. ऑपरेशनसाठी पैसा उभा करणारी माणसं व्यायामाला कंटाळतील कशाला? त्यांना त्यांच्या घरात बसेल असा व्यायाम कुणी दिलेलाच नसतो. तो आपण तयार करायचा. एक पिशवी, तिच्यात दातांमध्ये घालायच्या पट्ट्या, मोजायचं साधन, आरसा आणि वेळापत्रक. जोडीला फोनवर ऐकता येतील असे आवाजातले निरोप. सध्या एवढंच ठरलंय.

11 जानेवारी

आज सर्जन सरांसोबत धंतोलीतल्या क्लिनिकमध्ये बसलो. सर तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतात, मी फिजिओथेरपी. आमचे पेशंट तेच असतात, पण एका टेबलावर बसून कागद करायची वेळ पहिल्यांदाच आली. सरांनी मॉडेल पुढे ठेवलं आणि नवा सांधा काय करतो, काय करू शकत नाही, ते पुन्हा नीट सांगितलं. संचाचा पाया हाच असल्यामुळे सविस्तर लिहिते.

आपला मूळ सांधा दोन हालचाली करतो. तोंड उघडायला लागलं की खालच्या जबड्याचं टोक आधी जागेवरच फिरतं आणि मग खोबणीतून पुढे सरकतं. पूर्ण उघडण्याला दोन्ही लागतात. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड साधारण 35 ते 55 मिलिमीटर उघडतं. आपण तीन बोटं उभी घालून बघतो ते यासाठीच. बदललेल्या सांध्यात कवटीच्या बाजूची खोबण घट्ट पॉलिथिलीनची असते आणि जबड्याच्या बाजूचं टोक धातूचं, कोबाल्ट-क्रोम नाहीतर टायटॅनियमच्या मिश्रधातूचं. मूळ टोक काढताना त्याला पुढे ओढणारा स्नायू सुटतो. त्यामुळे नवा सांधा फिरतो, पण पुढे फारसा सरकत नाही. एकच बाजू बदललेली असेल तर तोंड उघडताना हनुवटी त्याच बाजूला वळते आणि दुसऱ्या बाजूला जबडा नेणं जवळपास बंद होतं.

याचे आमच्या कागदावर दोन परिणाम. एक, ध्येय 35 मिमीच्या आसपास ठेवायचं. पंचेचाळीसचं स्वप्न दाखवलं तर पस्तीसला पोचलेला पेशंट निराश होतो, आणि त्याला निराश करायचा आपल्याला काहीएक हक्क नाही. दोन, हनुवटी वळते म्हणून घरच्यांनी हाताने ती सरळ ढकलायची नाही. वळणं नव्या सांध्याच्या रचनेतच आहे. आरशासमोर बसून शक्य तेवढं सरळ उघडायचा सराव करायचा, जबरदस्ती नाही.

तिसरी गोष्ट सरांनी आग्रहाने लिहून घेतली. दोन्ही बाजूंचे कोरोनॉइड, म्हणजे जबड्याच्या हाडाचे पुढचे कोपरे, काढले असतील तर सुरुवातीच्या दिवसांत सांधा पुढे निसटायचा धोका असतो. अशा पेशंटला सर काही दिवस वरचे-खालचे दात धरून ठेवणारे हलके रबर लावून ठेवतात. त्यांचा पहिला आठवडा वेगळ्या पानावर येणार. जांभई आली की सगळ्यांनीच हनुवटीखाली मूठ धरायची.

1990 साली कबान आणि सहकाऱ्यांनी हाड भरून जखडलेल्या जबड्याच्या सांध्यासाठी सात पायऱ्यांचा उपचारक्रम मांडला, त्याची शेवटची पायरी आहे लवकर हालचाल आणि जोरकस फिजिओथेरपी. पहिल्या सहा पायऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये काही तासांत होतात. सातवी स्वयंपाकघरात, ओसरीवर, महिनोनमहिने चालते, आणि तिच्यासाठी कुणी हत्यारं पुरवत नाही.

18 जानेवारी

इतवारीत सामान पाहिलं. जबडा उघडण्याची तयार उपकरणं मिळतात, चांगलीही आहेत, पण त्यांची किंमत आमच्या पेशंटच्या आवाक्यातली नाही. तोंड ताणून उघडणारा लोखंडी स्क्रूचा गॅग स्वस्त पडतो, तरी तो मी घरी देणार नाही. स्क्रू फिरवणाऱ्या हाताला जोराचा अंदाज येत नाही आणि दात हलतात.

लाकडी पट्ट्यांवर शिक्कामोर्तब. कुल्फीच्या काड्या स्वस्त, पण कडा खरखरीत, आणि प्रत्येकीची जाडी वेगळी निघाली. सर्जिकल दुकानातल्या जीभ दाबायच्या पट्ट्या थोड्या महाग असल्या तरी एकसारख्या. व्हर्नियरने मोजलं तर आमच्या गठ्ठ्यातल्या दहा पट्ट्या मिळून 17 मिमी भरतात. म्हणजे एक पट्टी वाढली की दोन मिमीच्या आतबाहेर फरक. पेशंटला हे फार आवडेल असं वाटतं, कारण "काल अकरा, आज बारा" हे कुणालाही मोजता येतं. पट्ट्या एका माणसाच्या दुसऱ्याला नाहीत. उकळल्या की लाकूड फुगतं, म्हणून धुऊन वापरायच्या नाहीत. ओल्या झाल्या की टाकायच्या.

मोजायचं साधन जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापलं: लांब निमुळता त्रिकोण, कडेला मिलिमीटरच्या खुणा. टोक आत घालायचं, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांची धार दोन्ही कडांना टेकली की तिथला आकडा वाचायचा. फूटपट्टी धरून आकडा वाचण्यापेक्षा हे सोपं. फिल्मच्या कडा सॅंडपेपरने घासल्या. पावसात, घामात टिकेल.

25 जानेवारी

पहिली पेशंट. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातली, वय सव्वीस. सहा वर्षांची असताना झोक्यावरून हनुवटीवर पडली. हनुवटी फाटली, टाके पडले, जखम भरली. कानापुढचं हाड मोडलं होतं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लहान मुलांत असं होतं. दुखतं म्हणून मूल तोंड हलवत नाही, सांध्यात रक्त गोठून राहतं, त्याचं हाड होतं, आणि वर्षागणिक तोंड मिटत जातं. कानाचा जुना संसर्ग हे सांधा जखडायचं दुसरं कारण. हिच्या दातांमध्ये ऑपरेशनआधी 4 मिमी फट होती. वीस वर्षं ती भात-वरण कालवून, एका पडलेल्या दाताच्या जागेतून आत ढकलत आली.

उजवा सांधा बदलला आहे. टेबलावर बेशुद्ध असताना 35 मिमी मिळाले. आज तिसरा दिवस. सूज आहे, कानापुढे आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली टाके आहेत. आरसा हातात दिला आणि सांगितलं, जीभ खाली, श्वास सोडत सोडत उघडायचं, दुखायला लागेल तिथे थांबायचं आणि तिथेच पाच आकडे मोजायचे. त्रिकोण आत सरकवला. 17. ती आकड्याकडे बघतच नव्हती, आरशात स्वतःची जीभ बघत होती. घशाची पडजीभ तिने बोटाने दाखवली आणि वहिनीला म्हणाली, "हे काय लोंबून राह्यलं वो?"

उजवी भुवई वर जात नाही आणि उजवा डोळा मिटायला जोर लागतो. चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या कापण्याच्या जागेजवळूनच जातात, ओढल्या गेल्या की काही काळ सुस्त पडतात. बहुतेकांच्या काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परत येतात. तिला हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून घाबरली नाही. दिवसा डोळ्यात थेंब, रात्री मलम आणि पापणीवर कागदी टेप.

घरी व्यायाम कोण करून घेणार, हे विचारायच्या आत वहिनीने पिशवी ओढून घेतली.

4 फेब्रुवारी

वेळापत्रकाचा पहिला कागद फाडला. "सकाळी 8, 10, 12..." असं घड्याळाचं वेळापत्रक शेतीच्या घरात चालत नाही. परदेशी उपकरणासोबत सात वेळा, सात ताण, सात सेकंद असा हिशेब देतात, लक्षात ठेवायला फार सोपा. आम्ही सात वेळा ठेवल्या, पण त्या घरातल्या कामांना बांधल्या: सकाळचा चहा, आंघोळ, भाकरी थापून झाल्यावर, दुपारची वामकुक्षी संपल्यावर, संध्याकाळचा दिवा, जेवणाआधी, झोपताना. वहिनीने फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे मोटारची लाइट कधी दिवसा असते तर कधी रात्री, त्यामुळे पाणी द्यायचे दिवस वेगळे. मग त्या दिवसांसाठी वेगळी रांग केली.

एका वेळेचा क्रम असा बसला. आधी कोमट पाण्याच्या फडक्याने गालाच्या स्नायूवर शेक. पण कानाच्या पाळीपाशी आणि गालाच्या मागे कातडी बधिर असते, तिथे गरम कळत नाही. म्हणून फडकं आधी वहिनीच्या मनगटावर टेकवायचं. मग पट्ट्यांशिवाय उघड-मीट. मग पट्ट्या. गठ्ठा गॉझमध्ये गुंडाळून दाढांवर ठेवायचा, अर्धा मिनिट तसाच. श्वास सोडताना मध्ये एक पट्टी सरकवून बघायची; गेली तर ठीक, नाही तर ओढाताण नाही. शेवटी दुखत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

दुखण्याबद्दल आवाजात निरोप रेकॉर्ड केला, लिहिलेलं कुणी नीट वाचत नाही म्हणून. ताणल्यासारखं दुखणं चालेल, आणि व्यायाम थांबल्यावर ते अर्ध्या तासात निवलं पाहिजे. सुरी खुपसल्यासारखी कळ, दातांची बैठक अचानक बदलणं, तोंड उघडं राहून न मिटणं, ताप, टाक्यांपाशी लाली किंवा पू: लगेच फोन. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल ती मोठ्या व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी. बरेच जण गोळी "सहन झालं नाही तर" म्हणून उशाशी राखून ठेवतात आणि व्यायामच टाळतात. पहिल्या महिन्यात गोळी व्यायामासाठीच घ्यायची, हे मी रेकॉर्डिंगमध्ये दोनदा सांगितलं आहे.

20 फेब्रुवारी

आकडा अडला. 22 पर्यंत चढला होता, आज फोटोत 20. भावाचा आवाज पडलेला. "मॅडम, रोज करून राह्यलो आम्ही, एकही टाइम सोडला नाही." व्हिडिओ कॉलवर करून दाखवायला लावलं. पट्ट्या पुढच्या दातांमध्ये होत्या. दाढांवर ठेवायला गाल आडवा येतो, म्हणून हळूहळू पुढे आल्या. पुढचे दात दुखायला लागतात, मग स्नायू आपोआप आवळतात, आणि जेवढं ढकलावं तेवढं तोंड मिटतं. वहिनीला चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला धरायला शिकवलं आणि दोन छोटे गठ्ठे केले, डावीकडे एक, उजवीकडे एक, म्हणजे जोर वाटला जातो. कॉल चालू असतानाच आकडा 22 वर आला. भाऊ हसला तेव्हा मलाही बरं वाटलं.

संचात बदल: पट्ट्यांच्या मधोमध लाल रेघ मारायची. रेघ ओठाच्या कोपऱ्याशी आली म्हणजे टोक दाढेवर पोचलं.

27 फेब्रुवारी

एका दंतवैद्य मैत्रिणीने विचारलं, हाच संच खर्रावाल्यांना दे ना. नागपुरात हा प्रश्न येणारच होता. सुपारी, तंबाखू, चुना घोटून दाढेखाली धरणारी माणसं आपल्या प्रत्येक चौकात आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांची तोंडं मिटत चालली आहेत. पण त्यांचा सांधा चांगला असतो. आखडलेली असते ती गालाच्या आतली त्वचा, सुपारीने पांढरी पडून दोरखंडासारखी ताठ झालेली. पट्ट्या तिथेही उपयोगी पडतात, मात्र सुपारी चालू असताना पट्ट्या म्हणजे गळक्या रांजणात पाणी. शिवाय त्या पांढऱ्या, ताठ त्वचेत कर्करोग उद्भवू शकतो, म्हणून दर काही महिन्यांनी तोंड तपासावंच लागतं. हा वेगळा संच, वेगळा कागद आणि पहिल्याच पानावर सुपारी बंद. मैत्रीण तो करायला तयार आहे. मी पट्ट्यांचा पत्ता दिला.

8 मार्च

सहा आठवडे उलटले. 26 मिमी. मऊ जेवणाचा कडक काळ संपला, आता हळूहळू चावायचं. सरांनी एक्स-रे बघून होकार दिला.

चावणं हा या पेशंटसाठी नवाच विषय. तिच्या चावण्याच्या स्नायूंनी वीस वर्षं काम केलेलं नाही. उकडलेला बटाटा, मग पोहे, मग दुधात भिजवलेली भाकरी. तर्री पोह्यांची तिला भारी हौस. चणे काढून ठेवायचे या अटीवर परवानगी दिली.

30 मार्च

पाडवा. वहिनीने फोटो पाठवला: पुरणपोळीचा घास, दुधात न बुडवता. आकडा 30.

या टप्प्यावर दातांचं काम सुरू झालं, आणि मला ते सांध्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. तोंड मिटलेल्या माणसाच्या मागच्या दाढा कधी घासलेल्याच नसतात. हिच्या खालच्या दोन दाढा किडून पोखरल्या आहेत. नव्या सांध्याजवळ जंतूंचं घर ठेवणं चुकीचं आहे. दंतवैद्याने पाऊण तास सलग तोंड उघडं ठेवायला लावू नये, मध्ये विसावा द्यावा, असं पत्र मी सोबत दिलं. संचात लहान मुलांचा ब्रश टाकायचा ठरवला. मोठ्या ब्रशचं डोकं दाढेमागे वळत नाही.

19 एप्रिल

ऊन अंगावर येतंय, मे महिना अजून पुढेच आहे. 45 च्या पुढे पारा जाणाऱ्या शहरात आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत या पेशंटची वेगळी काळजी घ्यावी लागते. घामाने कानापुढचा टाक्यांचा वण खाजतो, लोक गमछाने रगडतात. वणाला ऊन लागलं की तो काळपट पडतो. बाहेर पडताना दुपट्टा बांधायचा, पण जबड्यावरून आवळून नाही, नाहीतर तोंड तासन्‌तास मिटलेलं राहतं. शेक बंद, त्याऐवजी नुसती मालिश. दुपारचा व्यायाम कूलरसमोर.

काही जणांना जेवताना कानापुढे घाम फुटतो. लाळेच्या ग्रंथीकडे जाणारे नसांचे धागे ऑपरेशननंतर घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात म्हणून असं होतं. उन्हाळ्यात ते चटकन ओळखू येत नाही. घाबरायचं कारण नाही, त्रास झाला तर इलाज आहे.

11 मे

दुसरी पेशंट, नागपुरातलीच, सक्करदऱ्याची, पन्नाशीतली. संधिवाताने दोन्ही सांधे झिजले होते, दोन्ही बदलले. हिला तोंड उघडणं म्हणजे काय ते माहीत आहे, स्नायूंना आठवण आहे. सुरुवातीचा आठवडा रबर, मग व्यायाम. तीन आठवड्यांत 29. पण बोटांतही संधिवात असल्यामुळे पट्ट्या तिच्या हातात टिकत नाहीत. नवऱ्याने गठ्ठ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, पकड बसली. काकांची ही युक्ती आता प्रत्येक संचात जाणार.

दोघींची तुलना करून एक गोष्ट पक्की झाली. जन्मभर जखडलेल्या तोंडाला आणि मोठेपणी झिजलेल्या सांध्याला एकच वेळापत्रक देणं अन्याय आहे. पहिल्या गटाला निदान वर्षभर रोज व्यायाम हवा, कारण हाड पुन्हा भरून यायची ओढ त्यांच्यात जास्त. सर म्हणूनच सांध्याभोवती पोटाची चरबी भरतात, रिकामी जागा राहू नये म्हणून. दुसऱ्या गटाचं काम तीन-चार महिन्यांत हलकं होतं.

25 मे

वर्ध्याची ताई दाखवायला आली. 33. उजवी भुवई डावीच्या निम्मी वर जाते. डोळा पूर्ण मिटतो, टेप बंद. कानाची पाळी अजून बधिर, कर्णफूल घालताना लागल्याचं कळत नाही म्हणाली. घालताना आरसा बघायला सांगितलं. पट्ट्या आता वीस, पण ती मोजत नाही, वहिनी मोजते. वहिनीने वहीत रोजचे आकडे लिहिले आहेत, कापसाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर. कमी झालेला आकडाही खोडलेला नाही. मी त्या पानांचे फोटो घेतले, कारण आमच्या छापील तक्त्यापेक्षा ते तक्ते चांगले आहेत: प्रत्येक आकड्यापुढे त्या दिवशी काय झालं ते एका शब्दात. "लग्न." "ताप." "गोळी संपली." "निंदण." आकडा कशाने पडला ते लगेच दिसतं. आमच्या तक्त्यात असा रकानाच नव्हता. आता असेल.

14 जून

संचाची दुसरी आवृत्ती आज बांधली. लाल रेघेच्या पट्ट्या, ट्यूबचा तुकडा, फिल्मचा त्रिकोण, आरसा, लहान ब्रश, गॉझ, दोन प्रकारची वेळापत्रकं, कारणाचा रकाना असलेला तक्ता. ऑपरेशनच्या आधीच द्यायची आणि आधीच शिकवायची, हा सरांसोबत ठरलेला शेवटचा बदल. सूज, दुखणं, भीती यांच्यात नवं शिकणं जड जातं. आधी हाताळलेल्या पट्ट्या ओळखीच्या वाटतात.

उरलेली कामं: वर्ध्याच्या ताईचा सहा महिन्यांचा एक्स-रे जुलैच्या शेवटी. आवाजातले निरोप वऱ्हाडीत पुन्हा रेकॉर्ड करायचे, वहिनी बोलायला तयार आहे. एटापल्लीकडच्या एका मुलाचं ऑपरेशन ठरतंय, त्याची आई गोंडी बोलते. गोंडीत निरोप देणारं माणूस त्याच्या ऑपरेशनआधी मिळालं पाहिजे. सोमवारी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गडचिरोलीकडच्या दोन नर्स भेटणार आहेत, त्यांना विचारते.